प्रथिनौषधांची मालकी



हातावर पोट असलेल्या माणसाचे हातच निकामी होऊ लागले तर त्या घराचे काय होते, हे कामगारवस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आमवात नेमका हाच घाव घालतो. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, मूठ मिटत नाही. विड्या वळणारी, खुरपणीला जाणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई पहिले काही महिने तेल चोळून काढते. मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. त्यानंतर कोणीतरी स्टेरॉइडची सुई टोचतो, चार दिवस बरे वाटते, आणि पुन्हा तीच सुई टोचून घेण्यासाठी रांग लागते. अशी दोन-तीन वर्षे जातात. तेवढ्या अवधीत सांध्यातील कूर्चा आणि हाड झिजून बोटे वाकडी झालेली असतात, आणि एकदा वाकडा झालेला सांधा कोणतेही औषध सरळ करू शकत नाही.

हा श्रीमंतांचा आजार नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. सांधे, स्नायू आणि पाठ यांच्या दुखण्याने किती माणसे ग्रासलेली असतात, याची भारतीय खेड्यातील ही एक मोलाची मोजणी होय. आमवाताचे प्रमाण तेथे सुमारे अर्धा टक्का निघाले, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक. दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. मोठ्या गावाला तो लावून पाहिला की गल्लीगल्लीत एकेक घर दिसू लागते. या आजारात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आजाराचे मूळ असे की, शरीराची जी संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढण्यासाठी असते ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना, शरीर स्वतःविरुद्ध असे शस्त्र उचलील ही कल्पनाच भयावह आणि जवळजवळ अशक्य वाटली होती. पुढे ती शक्यता खरी ठरली. सोरायसिस, आतड्याचा क्रोन्स विकार, मणका गोठविणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस ही सर्व या घराण्यातील कमी-अधिक जवळची भावंडे. त्यांतील दाह थांबविण्यासाठी गेल्या तीन दशकांत जी औषधे आली त्यांतील अनेक रसायनशाळेत जुळविलेल्या लहान रेणूंची नसून प्रथिनांची आहेत. त्यांची कथा सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण ज्ञान कोणी निर्माण केले आणि त्याची किंमत कोणी वसूल केली, या दोन प्रश्नांची उत्तरे तीत अगदी वेगवेगळी येतात.

प्रथिनाने आजार बरा करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सर्पदंशावरील प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडेच. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचायची, त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची आणि ती माणसाला द्यायची. परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून आलेल्या या औषधाने असंख्य शेतमजुरांचे प्राण वाचविले. पण घोड्याच्या रक्तात हजार प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. त्यांतून नेमके एकच, हवे तेवढे आणि हवे तेव्हा कसे मिळवावे, हा प्रश्न १९७५ साली केंब्रिज येथे सुटला.

तो सोडविणारे सेझार मिलस्टाइन हे अर्जेंटिनाचे. १९६२च्या लष्करी उठावानंतर तेथील संशोधनसंस्थेतून त्यांच्या सहकाऱ्यांना राजकीय कारणांवरून काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि इंग्लंडची वाट धरली. ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे करदात्यांच्या पैशावर, त्यांनी आणि जॉर्ज कोलर यांनी प्रतिपिंड बनविणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संकर करून एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाची अखंड निपज साधली. १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिकही मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. ज्या सरकारी महामंडळाकडे ते काम होते त्याला त्यातील व्यापारी उपयोग दिसला नाही. मिलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेतून या पेशी मागेल त्या शास्त्रज्ञाकडे जात राहिल्या. त्यांतल्या काही फिलाडेल्फियाच्या एका संस्थेत पोहोचल्या, आणि तेथील हिलरी कोप्रोव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ आणि १९८० साली त्या तंत्राच्या उपयोजनांवर अमेरिकन पेटंटे मिळाली. कोप्रोव्हस्की ज्या कंपनीच्या संस्थापकांत होते तिचे नाव सेंटोकोर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता दुसरा धागा. त्याच १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने रक्तातील एका द्रव्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने टीएनएफ, असे नाव दिले. हे द्रव्य गाठी नष्ट करते, म्हणून कर्करोगाच्या संशोधकांनी त्यावर मोठी भिस्त ठेवली. पण त्याचा खरा प्रताप निराळाच निघाला. शरीरात दाहाचा वणवा भडकविणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांत त्याचा क्रम वरचा होता. लंडनमधील केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातील ऊती घेऊन त्यांवर प्रयोग केले. मैनी हे लुधियानात जन्मलेले आणि युगांडात वाढलेले. दाह करणारी द्रव्ये एवढी अनेक आहेत की एकाला अडवून काय साधणार, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सूर होता. १९८९ साली या गटाने दाखवून दिले की टीएनएफला अडविले की इतरही कित्येक द्रव्यांचे उत्पादन ओसरते. साखळीतील कडी सापडली होती. हे संशोधन मुख्यतः संधिवाताच्या रुग्णांसाठी लोकांकडून देणग्या गोळा करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या पैशावर चालले होते.

टीएनएफला पकडणारे प्रतिपिंड सेंटोकोरकडे होते. १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली. वर्षानुवर्षे इतर औषधांना दाद न दिलेल्या या रुग्णांचे सांधे थोड्याच दिवसांत मोकळे होऊ लागले. १९९४ साली ७३ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीने यात भ्रम नसल्याचे सिद्ध केले. हेच इन्फ्लिक्सिमॅब.

त्या प्रतिपिंडात उंदराच्या प्रथिनाचा अंश होता आणि माणसाचे शरीर त्याला परके मानून त्याच्यावर चालून जाई. हा दोष काढण्याचे कामही केंब्रिजच्या त्याच सरकारी प्रयोगशाळेत झाले. ग्रेगरी विंटर यांनी १९८६ साली उंदराच्या प्रतिपिंडाचा केवळ पकडणारा भाग मानवी प्रतिपिंडावर बसविला, आणि १९९०च्या सुमारास जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या पृष्ठभागावर मानवी प्रतिपिंडांचे तुकडे वाढवून त्यांतून हवा तो निवडण्याची रीत काढली. या रीतीने, विंटर यांनी सहसंस्थापक म्हणून काढलेली कंपनी आणि जर्मनीची बीएएसएफ यांनी मिळून जे प्रतिपिंड तयार केले ते अडालिमुमॅब. २००१ साली अमेरिकेच्या अ‍ॅबट कंपनीने बीएएसएफचा औषधविभागच विकत घेतला. ३१ डिसेंबर २००२ रोजी अडालिमुमॅबला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि ‘ह्युमिरा’ या नावाने ते बाजारात आले.

येथपर्यंतच्या कथेत करदाते आहेत, देणगीदार आहेत, विद्यापीठे आहेत आणि चाचणीसाठी आपले शरीर पुढे करणारे रुग्ण आहेत. कंपन्यांचे काम शून्य होते असे मात्र कोणी म्हणू नये. प्रयोगशाळेतील नळीभर प्रथिनापासून हजारो रुग्णांवरील चाचण्या आणि पोलादी टाक्यांचा कारखाना येथवर येण्यास पैसा, कसब आणि जोखीम लागते. ती किंमत देण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. सार्वजनिक तिजोरीलाही काही वाटा मिळाला. स्वामित्वशुल्काच्या वादात लंडनच्या न्यायालयात हरल्यावर अ‍ॅबटने २००५ साली २५.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि त्यांतील १९.१ कोटी ब्रिटिश संशोधन परिषदेसह मूळ तंत्राच्या इतर मालकांकडे गेले.

पण त्यानंतर जे घडले त्याचा जोखमीशी काही संबंध नव्हता. अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकशीनुसार ह्युमिराची किंमत सत्तावीस वेळा वाढविण्यात आली. आरंभी एका सुईला ५२२ डॉलर पडत, ते २,९८४ झाले, आणि वर्षाचा खर्च ७७,००० डॉलरवर पोहोचला. औषध तेच, मात्रा तीच, रोग तोच. मूळ पेटंट २०१६ साली संपले, परंतु अ‍ॅबटमधून २०१३ साली वेगळ्या झालेल्या अ‍ॅबव्ही कंपनीने मात्रा, मिश्रण, उत्पादनाची पद्धत अशा एकेका बाबीवर अडीचशेच्या आसपास अर्ज करून १३०हून अधिक पेटंटांचे कुंपण उभे केले होते. याविरुद्धचा मक्तेदारीविरोधी दावा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०२२ साली फेटाळला. पुष्कळ पेटंटे असणे हा स्वतः काही गुन्हा नव्हे, असे त्याचे तर्कशास्त्र. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. त्या एका वर्षात या एका औषधाची जगातील विक्री २,१०० कोटी डॉलरवर गेली.

युरोपात ही पेटंटे २०१८च्या ऑक्टोबरपर्यंतच आड आली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा या औषधावरील खर्च वर्षाला चाळीस कोटी पौंडांहून अधिक होता आणि रुग्णालयीन औषधांत तो सर्वांत मोठा होता. स्पर्धक औषधे येताच सबंध देशासाठी एकत्र निविदा काढून तो सुमारे तीन-चतुर्थांशाने खाली आणण्याचे करार तिने केले. अमेरिकेतील रुग्णांना स्पर्धक औषधासाठी जानेवारी २०२३ची वाट पाहावी लागली. टाकीत वाढणारी पेशी दोन्हीकडे एकाच जातीची. फरक होता तो खरेदीदार कोण आणि कायदा कोणाचा, एवढाच.

भारताची गोष्ट निराळी, आणि तिच्यात अभिमान वाटावा असा एक भाग आहे. १९७० सालच्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे ठरविले. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालाने त्याची पायाभरणी केली होती. एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या छत्राखाली जो औषधउद्योग वाढला त्यानेच पुढे जगाला स्वस्त औषधे पुरविली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली ते छत्र काढून घ्यावे लागले. पण संसदेतील डाव्या पक्षांच्या आग्रहाने, जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागण्यास आळा घालणारे कलम ३(डी) नव्या कायद्यात कडक करून घेण्यात आले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचे अपील फेटाळताना त्यावर शिक्कामोर्तब केले. ह्युमिराभोवती अमेरिकेत जे कुंपण उभे राहिले तसले येथे उभे राहिले नाही. अडालिमुमॅबची जगातील पहिली प्रतिकृती डिसेंबर २०१४ मध्ये भारतात, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने बाजारात आणली.

तिची किंमत सुमारे २०० डॉलर, अमेरिकेतील दराच्या पाचवा हिस्सा. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण दोनशे डॉलर म्हणजे त्या वेळचे साडेबारा हजार रुपये, आणि महिन्याला अशा दोन मात्रा लागतात. २०१४-१५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. केंद्रीय कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस पूर्ण भरले तर हाती येत १६,८०० रुपये. म्हणजे वर्षाच्या हमीच्या कमाईत एका महिन्याचेही औषध बसत नव्हते. पुढे आणखी कंपन्या उतरल्या आणि दर उतरले, तरी महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष घ्यावयाचे हे औषध मजुराच्या कुटुंबाला स्वतःच्या खिशातून परवडण्यापलीकडचेच राहिले. पेटंटाचा अडथळा दूर होणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने औषध झोपडीपर्यंत जात नाही, हा या आकड्यांचा अर्थ.

येथे एक सावधगिरी हवी. औषध महाग आहे म्हणून तेच सर्वांत चांगले आहे, आणि म्हणून ‘प्रत्येकाला इंजेक्शन द्या’ ही मागणी पुरोगामी आहे, असा समज चळवळीत सहज पसरू शकतो. कंपन्यांच्या विक्रेत्यांना याहून अधिक काय हवे? आमवाताचे पहिले औषध आजही मेथोट्रेक्सेट हेच आहे. त्याच्या घराण्यातील पहिले औषध अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राच्या गटाने १९४०च्या दशकात तयार केले. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ही गोळी काही रुपयांना मिळते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, केवळ मेथोट्रेक्सेटने भागत नव्हते अशा ३५३ रुग्णांपैकी काहींना टीएनएफरोधक प्रथिन जोडून दिले गेले, तर इतरांना सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन जुन्या स्वस्त गोळ्या. वर्षाअखेरीस स्वस्त गोळ्यांचा गट महागड्या प्रथिनाहून उणा ठरला नाही. ज्यांना या गोळ्यांनी गुण येत नाही असे रुग्ण आहेतच, मणक्याच्या आजारात तर मेथोट्रेक्सेटचा उपयोगही नाही, आणि त्यांच्यासाठी प्रथिनौषध हा हक्क आहे, चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अडालिमुमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले ते याच कारणाने. पण बहुसंख्य रुग्णांचे हात वाचवायचे असतील तर पहिल्या सहा महिन्यांत आजार ओळखणारा डॉक्टर, नियमित गोळी आणि दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी एवढ्यानेही मोठी मजल मारता येते. तपासणी हवीच, कारण ही गोळी यकृताला आणि रक्तपेशींना बाधू शकते, गरोदरपणी वर्ज्य आहे, आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

दुसरी सावधगिरी क्षयाची. ज्या टीएनएफला हे प्रथिन अडविते ते निसर्गाने व्यर्थ निर्माण केलेले नाही. फुप्फुसात दडून बसलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींची भिंत उभी करून ती टिकवून ठेवण्याचे काम तेच करते. ते अडविले की भिंत ढासळते आणि झोपलेला क्षय जागा होतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि औषधाच्या वेष्टनावर कडक इशारा आला. जगातील सुमारे एक-चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. ज्या देशात दडलेला क्षय घरोघरी आहे तेथे छातीचे चित्र आणि क्षयाची चाचणी न करता हे औषध देणे म्हणजे सांधे सोडवून फुप्फुस गमावणे. लंडनला जे औषध रुग्णाने घरी स्वतः टोचून घ्यावे, त्यासाठी येथे आधी धड चालणारे सरकारी क्षयकेंद्र लागते. बाजार सुई विकतो, क्षयकेंद्र चालवीत नाही.

उत्पादनाचा प्रश्न राहतो. प्रथिन गोळीतून देता येत नाही, पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते. ते जिवंत पेशींकडूनच बनवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी बहुधा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या, १९५७ पासून प्रयोगशाळांत वाढत आलेल्या पेशी वापरतात. पोलादी टाकीतील उष्णतेत वा अन्नरसात थोडा फरक पडला तरी प्रथिनाची घडण बदलू शकते. नंतर ते दोन ते आठ अंश तापमानात रुग्णापर्यंत न्यावे लागते. म्हणूनच त्याची प्रतिकृती साध्या गोळीच्या नकलेइतकी सोपी नाही. पण ती गरीब देशाच्या सार्वजनिक क्षेत्राच्या आवाक्याबाहेरची आहे, हे म्हणणे खोटे आहे. सोव्हिएत मदत आटून उपासमारीच्या उंबरठ्यावर असलेल्या क्यूबाने १९९४ साली हवानात सरकारी मालकीचे रेणवीय प्रतिरक्षाशास्त्र केंद्र उघडले. तेथे मूळ धरलेले इटोलिझुमॅब हे प्रतिपिंड बंगळूरच्या बायोकॉनने २०१३ साली सोरायसिससाठी भारतात आणले. म्हणजे अकरा दशलक्ष वस्तीच्या बेटाच्या सरकारी केंद्राकडून भारतातील खाजगी कंपनीने प्रतिपिंड घेतले, आणि भारताचे सरकारी क्षेत्र या चित्रात कोठेच नव्हते.

ते नेहमीच असे गैरहजर नव्हते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने सरकारने काढला, आणि पेनिसिलिन आयातीच्या दरातून सुटले. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध त्याच्याच प्रयोगशाळेत सापडले. पुढे नवे भांडवल मिळाले नाही, नव्या तंत्राकडे कोणी वळविले नाही, १९९०च्या दशकात तो आजारी उद्योगांत जमा झाला, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. बुरशी वाढविण्याच्या टाक्यांत सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढत नाहीत, हे खरे. पण टाकीपेक्षा दुर्मीळ असते ते टाकी निर्जंतुक ठेवून चालविणारे कसबी मनुष्यबळ, आणि ते तेथे दोन पिढ्या घडले होते. आज त्याच पुण्याच्या परिसरात खाजगी कंपन्या प्रतिपिंडांच्या प्रतिकृती बनवितात.

कारखाना उभा राहीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तामिळनाडूने १९९५ पासून राज्याच्या महामंडळामार्फत एकत्रित औषधखरेदी चालविली आहे. महाराष्ट्राने २०१७ साली हे काम हाफकिन महामंडळाकडे दिले आणि २०२३ साली कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापिले. अडालिमुमॅबच्या अनेक भारतीय प्रतिकृती उपलब्ध असताना राज्यभराची एकच निविदा काढून इंग्लंडप्रमाणे दर पाडता येतो. तोवर ज्या जिल्ह्यात कार्यकर्ते आहेत तेथील जिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्याची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. मेथोट्रेक्सेट, फॉलिक अ‍ॅसिड, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही चार नावे तीत आहेत काय, वर्षातील किती महिने साठा शून्य होता, आणि सांध्यांच्या रुग्णांसाठी आठवड्यातील कोणता वार ठेवला आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे जिल्ह्यावार एकत्र आली की पुढची मागणी विधिमंडळात मांडता येईल.